न मोजलेली माशीमार

शाहीन, काल मी गौताळ्याच्या जंगलात जाऊन आले. तुझ्याशिवाय, पहिल्यांदाच. कबरस्तानात बायकांना नेत नाहीत, त्यामुळं तुला नेमकं कुठं ठेवलंय ते मला ठाऊक नाही. रफीकभाईंनी नुसता हात करून दाखवला, म्हणाले, "उधर, नीम के नीचे." मी रिक्षा करून त्या भिंतीपर्यंत गेले होते. भिंतीवरून कडुलिंबाचे शेंडे दिसले, पण ते तीन-चार होते. त्यातला तुझा कोणता, हे भिंतीबाहेर उभं राहून कुणाला विचारणार? आणि तुझ्याशी कुठंतरी जाऊन भांडायचं तर होतंच. म्हणून मग जंगलात गेले.

राग घेऊन गेले होते आणि राग घेऊनच परत आले, हे आधीच सांगून टाकते. तू गेल्यापासून सगळे तुझ्याबद्दल इतकं गोड बोलतायत की कुणीतरी खरं बोलायला पाहिजे. आपल्या पक्षिमित्रांच्या ग्रुपवर तुझ्या फोटोखाली पांढऱ्या कबुतराचं चित्र टाकलंय. कबुतरांचा तुला किती तिटकारा होता ते मला माहीत आहे. दुकानाच्या पत्र्यावर बसली की तू आतून झाडूचा दांडा वाजवायचीस. एकानं लिहिलंय, 'एक नाजूक पाखरू आकाशात उडून गेलं.' तुला गाडीच्या सीटवर पोट आत घेऊन पट्टा लावताना ज्यानं एकदा पाहिलं असेल, तो असं लिहिणार नाही. मी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. त्यावरूनही लोक बोलत असतील, बोलू देत.

आपली ओळख झाली तीच मुळात तुझ्या ओरडण्यानं. शहागंजात तुमचं चष्म्याचं दुकान, पाटीवर नाव तुझ्या नवऱ्याचं, रफीकभाईंचं, आणि आत आवाज तुझा. मी तेव्हा शाळेत संगीत शिकवत होते. पेटीवरचं पुस्तक दिसेनासं झालं म्हणून आले होते. नंबर बराच निघाला. मी म्हटलं, जरा कमी नंबरची काच द्या, जाड भिंगं बरी दिसत नाहीत. तू दुकानातल्या चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालीस, "मॅडम, नंबर काय मेथीची जुडी हाय का, कमी करून मागायला? डोळ्याला कमी आलंय, इज्जतीला नाय. लपवायचं काय त्याच्यात?" मी लाजेनं लाल झाले आणि जाड काच घेऊन घरी आले. ते वाक्य लक्षात ठेव. पुढं लागणार आहे.

चष्मा न्यायला आले तेव्हा बाहेर कुणीतरी शीळ घालत होतं. हॉर्न, हातगाड्या, भावाची घासाघीस, या सगळ्याच्या वरून तो सूर येत होता. मी सहज म्हटलं, हे कोण इतकं सुरात गातंय? तू काउंटरमागची दुर्बीण काढलीस, कुणीतरी दुरुस्तीला टाकून परत न नेलेला तो नग. समोरच्या घड्याळाच्या मनोऱ्यावरून ती फिरवत आणलीस आणि विजेच्या तारेवर थांबवलीस. "दयाळ हाय," म्हणालीस. मग माझ्याकडं नीट बघितलंस, आणि तुला त्या गर्दीत तो ऐकूच आला नव्हता हे कबूल केलंस. "मॅडम, तुमचे कान लई तेज हायेत. रविवारी काय करता?"

तेव्हापासून दर थंडीत आपला एक फेरा ठरलेला. गाडी तुझी, धपाटे माझे, उकडलेली अंडी तुझी, चहाचा थर्मास माझा. कन्नडच्या पुढं घाटाच्या अलीकडं गाडी लावायची आणि सागाच्या जंगलातून नाल्यापर्यंत चालत जायचं. तू मला शेवटपर्यंत मॅडमच म्हणालीस, फक्त पुढं 'तू' लावायला लागलीस. "मॅडम, तू गप चल." सगळे नियम तुझे होते. फाटकातून आत शिरलं की बोलायचं नाही. मला आवाज आला की मी बोट वर करायचं, तू शोधायचं. सापडला की कोपरानं ढोसायचं. आणि दोघींना दिसला, दोघींना ऐकू आला, तरच तो पक्षी मोजायचा. एकीचा मोजायचा नाही. बाकीचे लोक यादी शंभरावर नेण्यासाठी काय काय करतात, आणि आपण कधी पस्तीस पक्ष्यांच्या पुढं गेलो नाही. मला दिसला नाही असं मी सांगितलं की तू चडफडायचीस, पण नियम नियम होता. एकदा ऐन नाल्यात तू मला पाऊण तास उभं केलंस, कारण सुतारपक्षी मला ऐकू येत होता पण दिसत नव्हता. पायाला मुंग्या आल्या. दिसला तेव्हा कुठं तू हललीस. तो सुतार मला अजून आवडतो.

आणि ती माशीमार. चिमणीहूनही लहान, डोकं राखी, पोट पिवळं, डोंगरांकडून थंडीपुरती खाली उतरणारी. नाल्यावर वाकलेल्या उंबराशी दर वर्षी एखादी असायचीच. तीच ती दर वर्षी येते, असं तू ठामपणे म्हणायचीस. मी म्हणायचे, तुला काय तिनं आधार कार्ड दाखवलं? तिचा आवाज फार बारीक, फार वरचा. आपल्या पेटीवर तेवढ्या वर पट्ट्याच नसतात. पहिल्यांदा ऐकलास तेव्हा तू थर्मासचं झाकण हातात धरून तशीच उभी राहिलीस, चहा निवून गेला. नंतर गाडीत म्हणालीस, "कोई काच पे सुई घासतंय जैसा, पण गोड." तितकं नेमकं वर्णन मी नंतर कुठं वाचलं नाही.

आधीची वर्षं तू पुढं चालायचीस, मी मागं. मग एका थंडीत तू मला पुढं काढलंस. "साप निघाला तर आधी तुला चावू दे, तुला पेन्शन हाय." मी हसले. तेव्हापासून तू माझ्या मागं, जरा उजवीकडं. मी मान वळवायच्या आत तुझी दुर्बीण तिकडं लागलेली असायची. मला वाटायचं, काय तयारीची बाई आहे.

आता गेल्या थंडीचं. उंबराशी पोचलो, माशीमार बोलत होती, मी बोट वर केलं. कोपर आलं नाही म्हणून मागं वळून बघितलं, तर तू पर्समधून मुठीएवढा स्पीकर काढत होतीस. फोनवरून त्याच माशीमारीचा आवाज लावलास, मोठ्यात मोठा. जंगलात. तू, जिनं एका फोटोवाल्याला याच कारणासाठी कन्नडच्या चहाच्या टपरीवर चारचौघांत सोलून काढलं होतं. माशीमार तीरासारखी खाली आली. तिला वाटलं आपल्या जागेत दुसरी घुसली. पंख फडफडवत, या फांदीवरून त्या फांदीवर, तुझ्या डोक्यापासून हातभरावर ती बिचारी भांडत राहिली. तू पुन्हा लावलास. पुन्हा लावलास. आणि मला सगळ्यात जास्त कशाचा राग आला माहितीये? तू तिच्याकडं बघतही नव्हतीस. स्पीकर कानाशी धरून, डोळे मिटून उभी होतीस. इवल्याशा जीवाला वेड लावलंयस आणि तुला बघायचीही गरज वाटत नाही, असं माझ्या मनात आलं.

मी तो हातातून काढून घेतला. जंगलात पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. तू काय केलंस? कारण सांगितलंस? नाही. "इतकं काय बिघडलं तिचं? एक बार लावलं तर." मी म्हटलं, एकदा नाही, पाच वेळा. तू म्हणालीस, "तू हर जगा मास्तरीणच ऱ्हाणार. इथं वर्ग हाय का तुझा?" मी म्हटलं, फोटोवाल्यांत आणि तुझ्यात फरक काय राहिला मग. तुझा चेहरा कसा झाला ते मला दिसलं, पण त्याचा अर्थ मला उलटा लागला. परत निघालो. धपाटे तसेच डब्यात. माझ्या दारात गाडी थांबवून तू म्हणालीस, "तुझे कान तुझ्यापाशी ठेव मॅडम, मला नको." दार लावलंस आणि गेलीस.

मला काय कळायचं त्यातून? तुला माझी गरज राहिली नाही, हेच कळलं. यंत्र आहे, पाहिजे तेव्हा पाखरू खाली बोलावता येतं, मग म्हातारी मास्तरीण कशाला. वर्षभर मी तेच धरून बसले. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता, तरी मी ना तुझ्या दुकानात आले ना दुसरीकडं गेले. दुसऱ्याला डोळे दाखवायची इच्छाच होईना. तू ईदला शीरखुर्मा पाठवलास, रफीकभाईंच्या हातून, स्वतः खाली गाडीत बसून राहिलीस. मी गॅलरीतून बघत होते. तू वर बघितलं नाहीस. दिवाळीला मी फराळाचा डबा पाठवला, चकल्या जास्त घातल्या, तुला आवडतात म्हणून. डबा परत आला तो रिकामा. घासून, पुसून, रिकामा. इतक्या वर्षांत आपल्या दोन घरांतला एकही डबा रिकामा फिरला नव्हता. काही नसलं तर तू चार खारका टाकायचीस, मी साखर. तो रिकामा डबा मी ओट्यावर ठेवला. कुणी तोंडावर शिव्या दिल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं.

आणि मग फोन आला की दुपारी जेवून पडलीस ती उठलीच नाहीस.

उस्मानपुऱ्यात तुझ्या घरी आले तेव्हा आतल्या खोलीत बायका कुराण पढत बसल्या होत्या. मला जागा करून दिली. तुझ्या पलंगाजवळ तुझी दुर्बीण खुंटीला होती. मी तिच्याकडंच बघत राहिले. निघताना रफीकभाई दारापर्यंत आले. म्हणाले, "मॅडम, तुमसे एक बात छुपाई हमने. उसकू बारीक आवाज सुनाई नै देते थे. तीन साल हो गये."

मला आधी कळलंच नाही. ते सांगत राहिले. गिऱ्हाइकांचं बोलणं कळायचं, माणसांचे आवाज यायचे, पण वरचे आवाज गेले. कुकरची शिट्टी अर्धीच यायची. दाराची बेल बदलावी लागली. डॉक्टरांनी सांगितलं, कानाला यंत्र लावा. त्यांनी महागातलं आणून दिलं. तू ते एका चष्म्याच्या डबीत घालून कपाटात ठेवलंस. ज्या बाईनं अख्ख्या शहागंजाला सुनावलं की लपवायचं काय त्याच्यात, तिनं. "और तुमकू बोलना नै, कसम दी थी. बोली, मॅडमला कळलं तर ती माझ्यावर दया करून नेईल. दया करके ले गयी तो मैं नै जाती."

दया म्हणे. माझ्याबद्दल तुझा हा अंदाज होता, शाहीन. मी कधी कुणावर दया केलीय? शाळेतल्या मुलांना विचार. त्यांच्या आयांना विचार.

घरी येऊन बसले आणि एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. तू मला पुढं का काढलंस, ते साप-पेन्शन सगळं थाप होती. तुला माझी मान दिसायला हवी होती. मी जिकडं वळेन तिकडं तू दुर्बीण लावायचीस. तीन थंड्या तू माझ्या मानेवरून पक्षी शोधत होतीस. आणि मी बोटानं विचारायचे, ऐकू आला ना? तू डोळे मिटून मान हलवायचीस, आला. नियम तुझा, आणि तू तो माझ्या नाकासमोर मोडत होतीस. तीन वर्षांतले कितीतरी पक्षी तू खोटे मोजलेस. चष्मेवाल्यांचा थवा आठव. डोळ्यांभोवती पांढरी कडी असलेली ती चिमुकली पाखरं, तू त्यांना नेहमी आपली गिऱ्हाइकं म्हणायचीस. ती डोक्यावरून किणकिणत गेली आणि तू मला ढोसून म्हणालीस, "किती बोलतात गं." एक अक्षर ऐकू आलं नव्हतं तुला.

आणि तो स्पीकर. तू तिच्याकडं बघत नव्हतीस, कारण ती तुला दिसतच होती. दिसण्याची तुला ददात नव्हती. तुला ती ऐकायची होती. म्हणून कानाशी, म्हणून मोठ्यात मोठा, म्हणून पुन्हा पुन्हा.

आता सगळे म्हणतील, बघ, बिचारीची मजबुरी होती, तू उगाच रागावलीस. मी तसं म्हणणार नाही. तू मेलीस म्हणून माझं मत बदलत नाही. त्या माशीमारीला तुझी मजबुरी माहीत नव्हती. तिनं भर थंडीत, किडे शोधायच्या वेळी, नसलेल्या शत्रूशी भांडून जीव काढला. ते चूकच होतं. तू चुकलीस, आणि माझ्याऐवजी त्या स्पीकरला विचारलंस, हे त्याहून चुकलीस. तेवढं एक वाक्य बोलायला तुझ्याकडं तीन वर्षं होती. गाडीत शेजारी बसायचीस. धपाटा तोडून माझ्या हातात द्यायचीस.

म्हणून काल गेले. एसटीनं कन्नडपर्यंत, पुढं रिक्षानं. जंगलाच्या कडेला कोंडाबाई मेंढरं घेऊन होती, नेहमीसारखी. तिच्या नाकावर तू दिलेला चष्मा, वाचायला नाही, गोधडीची सुई ओवायला दिलेला. ती ओरडली, "आलात व्हय चिमण्या मोजाया?" मग माझ्या मागं बघितलं. "दुसरी बाई कुठंय? दुकानवाली?"

मला सांगवेना. म्हटलं, "नाय आली यंदा."

"बरं नाय व्हय तिला? मग सांगा तिला, दांडी ढिली झालीया. सारकी घसरती. पुढल्या टायमाला येताना तिचं ते बारकं पेचकस घिऊन यावं." मी हो म्हटलं.

आत गेले. सागाची पानं पायाखाली इतकी वाजत होती की मीच दोनदा थांबून मागं बघितलं. नाल्यात पाणी थोडं, उंबर तसाच वाकलेला. मी दगडावर बसले. थंडी चांगली होती. थोड्या वेळानं ती बोलली. अगदी जवळ, वरच्या फांद्यांत कुठंतरी. माझ्याकडं तुझी दुर्बीण आहे, रफीकभाईंनी गळ्यात घालून दिलीय, नको म्हटलं तरी. मी ती लावली. उजव्या डोळ्याला पानं, डाव्या डोळ्याला धुकं. ती बोलत होती, मी मान वळवत होते, आणि मागं कुणीच नव्हतं.

तेव्हा मला ते सुचलं, आणि इतका संताप आला की दुर्बीण खाली ठेवावी लागली. अगं, शाळेत मुलांना वरचा सूर लागत नाही तेव्हा मी काय करायचे? पट्टी खाली घ्यायचे. तेच गाणं, तेच सूर, फक्त खाली. सगळी नोकरी मी एवढंच तर केलं. तू एकदा म्हणाली असतीस, मॅडम, मला ती ऐकू येत नाही, तर मी तुला खालच्या पट्टीत म्हणून दाखवलं असतं. तिथंच, नाल्यात, तुझ्या कानाशी. नियम मोडून. माझा आवाज तर तुला ऐकू येत होता ना? माझ्याशी भांडताना माझा एकही शब्द तुझा चुकला नव्हता.

मग मी म्हटलं. घसा कोरडा, वर्षभर रियाज नाही, पण सूर पक्का लागला. आधी तिचे दोन तुटक सूर, मग ती छोटीशी तान, मग परत तेच दोन. तिच्या खाली कितीतरी, जिथं तुला सहज पोचलं असतं तिथं. आवाज फार मोठा केला नाही. तिला घाबरवायचं नव्हतं, तिचं आधीच एकदा आपण वाकडं केलंय. ती जराशी गप्प बसली. मग तिच्या पट्टीत तिचं चालू झालं. मी माझ्या पट्टीत पुन्हा म्हटलं, कोपराची वाट बघितली, आणि उठले.

दांडीचं पेचकस मी तुझ्या दुकानातून मागून घेईन. कोंडाबाईला सांगणं माझ्याच्यानं होईल तेव्हा होईल. घरी आल्यावर तू रिकामा पाठवलेला तो डबा धुतला, त्यात साखर भरली आणि रफीकभाईंकडं पाठवली.

बाकी यंदाच्या पक्ष्यांचं काय ते सांगते. धोबी दोन, थिरथिरा एक, टकाचोर बरेच. पण ते सगळे एकटीनं पाहिलेले. आणि माशीमार मला ऐकू आली, दिसली नाही. मी तुझ्यासारखी नाही, शाहीन. मी मोजली नाही.